अमेरिकन क्रांती : वाद कराच्या दराचा नव्हता, अधिकाराचा होता

१/ ‘इंग्रजांनी भरमसाट कर लादले, म्हणून अमेरिकेने बंड केले.’ हे वाक्य शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपर्यंत सर्वत्र आढळते. ते सोपे आहे आणि चुकीचे आहे. ‘ते कर चुकवणाऱ्या धनिकांचे बंड होते’ हे दुसऱ्या टोकाचे विधानही तितकेच अपुरे आहे. #थ्रेड

२/ प्रथम ब्रिटनची बाजू. १७६३ मध्ये सप्तवार्षिक युद्ध संपले, तेव्हा राष्ट्रीय कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर गेले होते. अमेरिकेतील सैन्याचा काही खर्च वसाहतींनी उचलावा, ही अपेक्षा वरकरणी अवाजवी नव्हती. ब्रिटनमधील माणूस वसाहतींतील माणसापेक्षा कितीतरी पट अधिक कर भरत होता.

३/ आता दर पाहा. १७६४ च्या साखर कायद्याने परकीय काकवीवरील कर गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीनवर आणला. कर निम्मा झाला आणि असंतोष वाढला! जुना कर बहुतांशी कागदावरच होता. नवा वसूल व्हायचा होता, आणि खटले ज्यूरीविना सागरी न्यायालयांत चालवण्याची सोय होती.

४/ पुढे १७६५ चा मुद्रांक कायदा आला : वृत्तपत्रे, दस्तऐवज, अगदी पत्ते आणि फासेसुद्धा करपात्र. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. संमतीवाचून कर नाही, हा त्यांचा ठराव सर्वांना ठाऊक असतो. पार्लमेंटमध्ये आपले प्रतिनिधित्व परिस्थितीमुळे शक्यच नाही, हेही त्यांनी तेथेच नोंदवले, याचा मात्र विसर पडतो.

५/ अर्थ स्पष्ट आहे. त्यांना लंडनमध्ये चार जागा नको होत्या. कर बसवण्याचा अधिकार आपण निवडलेल्या स्थानिक विधिमंडळांचाच, हा त्यांचा दावा होता.

६/ यावर थॉमस व्हेटली यांचे उत्तर होते ‘आभासी प्रतिनिधित्व’. मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांनाही स्वतःचा सभासद नाही. प्रत्येक सभासद साऱ्या प्रजेचाच प्रतिनिधी! त्याच वेळी जवळजवळ ओसाड पडलेल्या ओल्ड सेरमचे दोन सभासद पार्लमेंटमध्ये बसत होते. एका अन्यायाच्या समर्थनार्थ दुसरा अन्याय साक्षीला उभा केला गेला.

७/ मेरीलँडचे वकील डॅनियल ड्युलनी यांनी १७६५ मध्येच हा युक्तिवाद खोडून काढला. इंग्लंडमध्ये मताधिकार नसलेल्यावर पडणारा बोजा मतदारालाही जाणवतो. दोघांचे हित एकत्र गुंतलेले असते. अमेरिकेवरचा कर मात्र इंग्रज मतदाराचा भार हलकाच करतो. मग त्याच्या प्रतिनिधीला कोण आवरणार?

८/ मुद्रांक कायदा १७६६ मध्ये रद्द झाला. परंतु त्याच दिवशी दुसरा कायदा संमत झाला : वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधील करण्याचा पार्लमेंटला अधिकार आहे. पैसा सोडला, अधिकार सोडला नाही. खरा वाद कशाचा, हे येथे खुद्द पार्लमेंटनेच लिहून दिले.

९/ आता चहा. तो भारतीय नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने चीनमधून आणलेला होता. १७७३ च्या कायद्याने तो अमेरिकेत स्वस्तच होणार होता. चोरट्या चहाचा धंदा करणाऱ्यांचे नुकसान होते, हे खरे. पण पौंडामागे तीन पेन्सांचा कर मुद्दाम ठेवला होता. स्वस्त चहा घेणे म्हणजे तो अधिकार मान्य करणे. म्हणून १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या.

१०/ हीच कसोटी बंडखोरांनाही लावली पाहिजे. स्वातंत्र्य जाहीर झाले तेव्हा सुमारे पाच लाख माणसे गुलामीत होती. १७८० मध्ये पॉल कफी आणि इतर कृष्णवर्णीय करदात्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला : आम्हाला मत नाही, मग आमच्यावर कर का? त्यांचे तत्त्व त्यांच्याच दारात उभे राहिले.

११/ पुढे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनानेही विधिमंडळांत निवडून आलेले सभासद असावेत आणि अंदाजपत्रक त्यांच्यापुढे यावे, अशी मागणी केली. कर किती, हा हिशेबाचा प्रश्न आहे. तो कोणाच्या संमतीने, हा स्वातंत्र्याचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा टाळणारी सत्ता कर कमी करूनही अन्यायीच ठरते.