फुकटच्या नाण्याची किंमत

नव्या कूटचलनाचा डंका पिटताना प्रथम काही नाणी फुकट वाटली जातात. मग ती ‘स्टेकिंग’मध्ये अडकवून ठेवण्याचा आग्रह होतो आणि घसघशीत परताव्याचे आमिष दाखवले जाते. वस्तुतः स्टेकिंग म्हणजे व्यवहारांच्या पडताळणीसाठी ठेवलेले तारण. २०२२ पासून इथेरियमचे जाळे त्यावरच चालते. परंतु ज्या नाण्याला उपयोगच नाही, त्याचे व्याज म्हणजे तशाच नाण्यांची भर! तिला रोख मोल येते, ते नवा ग्राहक गळाला लागला तरच.

चढ्या परताव्याचे वचन देणारे ‘बिटकनेक्ट’ जानेवारी २०१८ मध्ये कोसळले. त्याच्या सुरतनिवासी संस्थापकावर २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २४० कोटी डॉलरच्या फसवणुकीचे आरोप ठेवले गेले. त्याच वर्षापासून भारतात अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर म्हणजे मान्यता नव्हे, आणि बँकठेवीसारखे विम्याचे कवचही येथे नाही.

आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले, पण धर्माच्या मर्यादेत. परतफेडीच्या अपेक्षेने दिले जाते ते दान नव्हे, गळाला लावलेले आमिष होय. घामाची बचत पणाला लावण्यापूर्वी तरुणांनी हा भेद ओळखावा.