थांबवण्याचा अधिकार

होळी झाली की विदर्भातल्या महाविद्यालयांत परीक्षांची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास आभाळाचा भरवसा संपतो. दुपारपर्यंत ऊन रणरणत असते. तापलेल्या जमिनीवर बंगालच्या उपसागराकडचे बाष्प येऊन ठेपले की तीन-चारच्या पुढे काळे ढग उभे राहतात. मग धुळीचा लोट उठतो, थंड वाऱ्याचा झोत येतो, विजा कडाडतात, कधी गारा पडतात. बहुधा तासाभरात सगळे आटोपते. त्या तासाभरासाठी आपली तयारी काय आहे, हा प्रश्न यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी प्राचार्य, परीक्षा केंद्राधिकारी, गृहपाल, क्रीडा संचालक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यांच्यापुढे आम्ही पवनारहून ठेवत आहोत.

टोर्नेडो म्हटले की अमेरिका डोळ्यांपुढे येते. पण १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत आलेला टोर्नेडो दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातूनच गेला होता. त्यात २८ जण दगावले आणि सुमारे ७०० जखमी झाले. वर्धा जिल्ह्यात आपली गाठ पडते ती वादळी वाऱ्याशी आणि विजेशी. देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांवर माणसे मरतात. संकटाचे रूप वेगळे असले तरी माणूस वाचतो तो एकाच गोष्टीने. योग्य जागी तो वेळेत पोचलेला असतो.

योग्य जागा कोणती, याबाबत आपल्याकडे घातक गैरसमज आहेत. अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी वादळ सुटले, तेव्हा बाबूजी महाराज संस्थानात जमलेले भाविक टिनाच्या शेडखाली होते. शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवरच कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. माणसांनी ज्याला आसरा मानले, त्यानेच घात केला. आता आपले आवार आठवून पाहा. पाऊस आला की मुले धावतात ती सायकल स्टँडकडे. चार लोखंडी खांब, वर टिनाचे पत्रे, निम्मे हूक गंजलेले आणि डोक्यावर गुलमोहर. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे वादळात तो लवकर उन्मळतो. पक्की इमारत तिथून पन्नास पावलांवर असते, पण मागच्या बाजूच्या चॅनल गेटला कुलूप असते आणि किल्ली ज्या शिपायाकडे, तो दुसऱ्या इमारतीत असतो.

मोठा हॉल भक्कम दिसतो, म्हणून मुलांना तिथे गोळा करण्याकडे आपला कल असतो. वाऱ्यापुढे मात्र सभागृह, व्यायामशाळा आणि मांडव यांची लांबरुंद छपरे आधी हार मानतात. स्लॅबच्या इमारतीचा तळमजला, तिथला आतला व्हरांडा, खिडक्यांपासून लांबची भिंत ही खरी सुरक्षित जागा. ५ फेब्रुवारी २००८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॅक्सन येथील युनियन विद्यापीठाच्या वसतिगृहांवर टोर्नेडो आदळला. खोल्या जमीनदोस्त झाल्या, पन्नासच्या आसपास विद्यार्थ्यांना इस्पितळात न्यावे लागले, काही जण ढिगाऱ्याखाली कित्येक तास अडकून पडले. पण एकही विद्यार्थी दगावला नाही, कारण वादळ येण्याआधीच त्यांना तळमजल्यावर, स्नानगृहांसारख्या आतल्या जागांत हलवले होते.

विजेसाठीही हीच जागा चालते, फक्त नळ, लोखंडी गज आणि प्लगला लावलेली उपकरणे यांना हात लावायचा नाही. वीज थेट अंगावर पडून होणारे मृत्यू एकूण मृत्यूंत फार थोडे असतात. निम्म्याच्या आसपास मृत्यू जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने होतात, तर झाडावर वा खांबावर पडलेली वीज बाजूला उडी मारते त्यात जवळजवळ एक तृतीयांश जातात. झाडाखाली उभा असलेला माणूस या दोन्हींच्या तावडीत सापडतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर असा ढोबळ हिशेब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मैदान सोडायचे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. ढग सरकल्यासारखा दिसला की मुले बॅट उचलतात, आणि नेमक्या त्याच वेळी घात होतो.

पवनारला विनोबांच्या आश्रमात वर्षभर सहली येतात. मुले धाम नदीच्या पात्रातल्या खडकांवर जाऊन बसतात. तिथे आभाळ भरून आले तर शिक्षकांनी त्यांना काठच्या झाडांखाली उभे करू नये. जवळ पक्की इमारत नसेल तर सगळ्यांना बसमध्ये बसवावे, काचा लावून घ्याव्यात आणि बस झाडापासून दूर उभी करावी. धातूच्या छताची गाडी विजेपासून चांगले संरक्षण देते. त्यासाठी चालक आणि किल्ली जागेवर हवीत.

ही माहिती नवी नाही आणि ती मिळवायला खर्चही नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना अर्धा-पाऊण तास आधी देते. एवढ्या वेळात हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालयही तळमजल्यावर येऊ शकते. मग वेळ जातो कुठे? तो जातो विचारण्यात. सामना अंतिम फेरीचा असतो, पाहुणे आलेले असतात, क्रीडा शिक्षक प्राचार्यांना फोन लावतात आणि प्राचार्य बैठकीत असतात. परीक्षा केंद्रावर तर पेपर सुरू असताना कुणी काही थांबवू धजत नाही, कारण उद्या विद्यापीठ खुलासा मागेल ही धास्ती असते. निर्णय घेणाऱ्याला निर्णयाची भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी मुले टिनाखाली राहतात.

म्हणून आमचे पहिले आणि मुख्य सांगणे हे की थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला द्या, आणि लेखी द्या. मैदानावर क्रीडा शिक्षक, शिबिरात कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहात गृहपाल, केंद्रावर केंद्राधिकारी. गडगडाट ऐकू आला की कुणालाही न विचारता काम थांबवायचे आणि नंतर कळवायचे. वादळ आले नाही आणि सामना वाया गेला, तरी त्या माणसाला जाब विचारला जाणार नाही, हे त्याच आदेशात लिहा. विद्यापीठांनाही आमची विनंती आहे. हवामानामुळे थांबलेल्या पेपरला तेवढा वेळ वाढवून मिळेल, असे परिपत्रक उन्हाळी परीक्षेपूर्वी काढा. केंद्राधिकाऱ्याच्या मनावरचे निम्मे ओझे त्याने उतरेल. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्याच आहेत. त्यांना आपल्या हवामानाची जोड देणे आपल्या हाती आहे.

दुसरी बाब बाहेर राहणाऱ्या मुलांची. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामातल्या टस्कलूसा शहरावर टोर्नेडो आला, तेव्हा विद्यापीठाचे आवार वाचले. मृत्यू पावलेले सहाही विद्यार्थी आवाराबाहेर होते. वर्धा, सेवाग्राम, सावंगी, पवनार इथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जणांच्या डोक्यावर टिनाचे छप्पर आहे, याची नोंद महाविद्यालयाकडे हवी. इशारा त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे आणि वादळाच्या वेळी आवाराचे दार त्यांच्यासाठी उघडे असले पाहिजे.

तिसरी बाब प्रथमोपचाराची. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. अनेक जण एकदम पडले असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी जा. त्याचे हृदय पुन्हा सुरू होऊ शकते, पण श्वास उशिरा परततो, म्हणून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास तत्काळ सुरू करावा लागतो. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. प्रत्येक विभागात दोन शिक्षक आणि दोन शिपाई यात तरबेज असावेत. सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालये असताना वर्धा जिल्ह्याला हे अवघड जाऊ नये.

एप्रिल तोंडावर आला आहे. या महिन्यात एका दुपारी आवाराची फेरी मारा. धोक्याची झाडे तपासून घ्या, पत्र्यांचे हूक बदला, वीजरोधकाची पट्टी गच्चीपासून जमिनीपर्यंत अखंड आहे ना ते पाहा, प्रत्येक इमारतीतली सुरक्षित जागा रंगाने आखा आणि चॅनल गेटची दुसरी किल्ली तळमजल्यावरच ठेवा. मग एक सराव घ्या, तोही ऐन दुपारी चारला, मैदान भरलेले असताना. आणि त्या सरावाआधी प्राचार्यांनी सहीनिशी एक आदेश काढावा: विद्यार्थी उघड्यावर असताना परवानगीची वाट पाहू नये. आदेश एका ओळीचा आहे, पण तो हाती असलेला क्रीडा शिक्षक शिट्टी वाजवताना कचरणार नाही.