हात आपले, सही दुसऱ्याची

अनेक महापालिकांत नळजोडणीच्या अर्जावर लायसन्सधारक प्लंबरची सही लागते. पाइप मात्र आपल्या मोहल्ल्यातला पोरगा टाकतो. त्याला रोजंदारी, सहीचे पैसे दुसऱ्याला.

लायसन्सच नको, असं आम्ही म्हणत नाही. पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं तर अख्खी वस्ती आजारी पडते. तपासणी हवीच. पण तपासा हुनर, नुसता कागद नको.

1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा करार, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र देतो, पण किमान चार कामगार असलेल्या आस्थापनेतच. दोन शागिर्द घेऊन फिरणारा उस्ताद त्यात बसतच नाही. मग त्याच्या हाताखाली काढलेली पाच वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? महापालिकेने या पोरांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. पास होईल त्याला लायसन्स द्यावं.

उस्तादांनो, सवाल तुम्हालाही आहे. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही आपल्या दीनची शिकवण. ‘अजून शिकतोय’ म्हणत पोराला चहा-वडापाववर राबवणं त्यात कुठे बसतं?

दोस्तांनो, आयटीआयचा प्लंबर कोर्स एक वर्षाचा आहे. जमेल त्याने करावा. बाकीच्यांनी वॉर्ड ऑफिसात एकेकटं नाही, मिळून जावं आणि लेखी मागणी द्यावी. हात आपले आहेत. सहीही आपलीच हवी.