छातीवरचा गरुड आणि बंद दरवाजे

आपल्या ग्रुप्सवर इंडोनेशियाच्या फुटबॉलबद्दल दोन प्रकारचे मेसेज फिरतात. पहिला आपल्यातलेच कुणीतरी पाठवतं. जकार्ताचं गेलोरा बुंग कार्नो स्टेडियम, लाल-पांढरे झेंडे, मॅच संपल्यावर सत्तर हजार माणसं एका सुरात गात आहेत आणि खाली ओळ: 'बघा, उम्मतची ताकद!' दुसरा येतो ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर. जर्सीवरचा गरुड, नोटेवरचा गणपती आणि खाली: 'ते मुसलमान असून बघा! मग तुम्हालाच काय अडचण आहे?'

मला दोन्ही मेसेजचा राग येतो. एकाला इंडोनेशियाचा झेंडा करायचा आहे, दुसऱ्याला काठी. त्या स्टँडमध्ये तिकीट काढून बसलेला माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

आधी गरुड बघू. गणपतीची ती २०,००० रुपियाची नोट १९९८ सालची, चलनातून केव्हाच गेलेली. गरुड मात्र आजही आहे. तो इंडोनेशियाचं राष्ट्रचिन्ह आहे आणि त्याच्या पंजात जुन्या जावानी भाषेतलं 'भिन्नेका तुंगल इका' हे वचन आहे. अर्थ साधारण असा: वेगवेगळे असलो तरी एक. ८५ टक्क्यांहून जास्त मुसलमान असलेल्या देशाचा संघ हे चिन्ह छातीवर लावून खेळतो. पण ते लावताना त्यांच्यासमोर कुणी 'आधी सिद्ध कर' म्हणत उभं नव्हतं. ते त्यांच्या इतिहासातलं आहे, म्हणून त्यांनी घेतलं. धमकावून वदवून घेतलेल्या अभिमानाला मी अभिमान म्हणत नाही, ती हजेरी झाली. ज्यांना आपल्याकडून हजेरी हवी आहे, त्यांनी इंडोनेशियाचं उदाहरण देऊ नये.

आता उम्मतवाल्या मित्रांसाठी. हा अभिमान आला कुठून? ऑक्टोबर १९२८ मध्ये डच राजवटीखालच्या तरुणांनी एक मायभूमी, एक राष्ट्र, एक भाषा अशी शपथ घेतली. दीड वर्षाने, १९ एप्रिल १९३० रोजी, योग्याकार्तामध्ये देशी फुटबॉल संघटना उभी राहिली, तीच आजची पीएसएसआय. तिचा पहिला अध्यक्ष सुरातिन हा जर्मनीत शिकलेला स्थापत्य अभियंता होता. डचांची संघटना वेगळी होती. १९३८ साली फ्रान्समधल्या वर्ल्ड कपला आशियातला पहिला संघ गेला, तो याच डच संघटनेचा आणि 'डच ईस्ट इंडीज' या नावाने. हंगेरीकडून ६-० असा हरला. खेळाडूंमध्ये त्या मातीतली पोरं होती, नाव मात्र मालकाचं. इंडोनेशियात फुटबॉलचा अभिमान जन्मला तोच मुळी मालकाला प्रश्न विचारत. त्यात मुसलमान होते, ख्रिस्ती होते, हिंदू होते.

स्वातंत्र्यानंतर सत्ताधाऱ्यांना या अभिमानाची किंमत कळली. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांसाठी सुकार्नो सरकारने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिले नाहीत. भारताचे क्रीडा प्रशासक जी. डी. सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि राग भारतावर वळला. जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. ४ सप्टेंबरला फुटबॉलची फायनल झाली, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांचा संघ २-१ ने जिंकला. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणाऱ्या मोजक्या लोकांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असं तेव्हाचे खेळाडू सांगत आले आहेत. आता सांगा, उम्मतची ताकद नेमकी कुठल्या बाजूला होती?

२०२३ चा प्रसंगही असाच. २० वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप इंडोनेशियात होणार होता. इस्राएल पात्र ठरल्याचं २०२२ च्या मध्यापासून सगळ्यांना माहीत होतं. विरोधाला खरा जोर चढला तो स्पर्धा दोन महिन्यांवर आल्यावर, पुढच्या निवडणुका दिसू लागल्यावर. इस्राएलचा संघ नको, असं जाहीर करणाऱ्यांत ठळक नाव होतं बालीचे हिंदू राज्यपाल वायान कोस्तेर यांचं. फिफाने यजमानपद काढून घेतलं आणि स्पर्धा अर्जेंटिनाला गेली. पॅलेस्टाईनबद्दल तिथल्या लोकांना वाटणारी कळकळ खरी आहे, मलाही ती वाटते. पण किंमत कुणी मोजली? वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरांनी. एकाही नेत्याची खुर्ची त्या दिवशी गेली नाही.

आणि सगळ्यात मोठी किंमत मलांगमध्ये मोजली गेली. १ ऑक्टोबर २०२२, कांजुरुहान स्टेडियम. अरेमाचा संघ घरच्या मैदानावर सुराबायाच्या पर्सेबायाकडून ३-२ ने हरला आणि काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, थेट स्टँडमध्येसुद्धा. स्टेडियममध्ये असा धूर वापरायचा नाही, हा फिफाचा नियम आहे. साधारण ३८,००० क्षमतेच्या जागेसाठी ४२,००० तिकिटं छापलेली होती. लोक बाहेर धावले तर दरवाजे अरुंद, काही बंद. १३५ माणसं मेली, त्यात तीसहून जास्त लहान मुलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टीम पडली की दुसऱ्या दिवशी बैठक होते आणि तिथे 'युजर फार होते हो' हे उत्तर चालत नाही. युजर येणारच होते. लोड किती येईल ते कुणी मोजलं, चेतावणी कुणी दाबली, बाहेर पडायची वाट कुणी तपासली नाही, हे विचारलं जातं. कांजुरुहाननंतर आधी दोष दिला गेला गर्दीला. मार्च २०२३ मध्ये सुराबायाच्या न्यायालयाने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. धूर वाऱ्याने दुसरीकडे गेला, हेही तिथे ग्राह्य धरलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने नंतर तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली, दोन आणि अडीच वर्षांची. १३५ जिवांसाठी.

या देशाकडून शिकण्यासारखं काही असेल तर ते पुढे आहे. अरेमाचे समर्थक काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले. त्यांची घोषणा होती 'उसुत तुंतास', म्हणजे मुळापर्यंत तपास करा. सुराबायातले त्यांचे कट्टर वैरी मेणबत्त्या घेऊन जमले. योग्याकार्ता आणि सोलोच्या क्लबांचे समर्थक वर्षानुवर्षं एकमेकांवर धावून जायचे, ते एका मैदानात एकत्र बसले. यातल्या कुणीही गरुड उतरवून ठेवला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि इराककडून हरून वर्ल्ड कपचं स्वप्न मोडलं, तेव्हाही हेच लोक पीएसएसआयला जाब विचारत होते. प्रशिक्षक पॅट्रिक क्लायव्हर्ट काही दिवसांतच गेले. जाब विचारल्याने कुणाचं देशप्रेम कमी झालं नाही. उलट, ज्याला आपला देश परका वाटतो तो कशाला भांडेल? तो मुकाट घरी जाईल.

तेव्हा मित्रांनो, 'उम्मतची ताकद' असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला कांजुरुहानचं नाव विचारा. मुसलमानांच्या देशात मुसलमान पोरं मुसलमान पोलिसांच्या धुरात गुदमरली. तेव्हा कामाला आला असता तो उघडा दरवाजा आणि नियम पाळणारा अधिकारी. आणि 'ते बघा कसे' असा मेसेज आला तर शांतपणे सांगा, हो, बघितलं. ते गरुड छातीवर लावतात आणि सरकारला, पोलिसांना, संघटनेला तोंडावर प्रश्न विचारतात. आम्हालाही तेच करायचं आहे. हा देश आमचा आहे, म्हणून टाळ्या आमच्या आणि प्रश्नही आमचे. दोन्हींसाठी कुणाची परवानगी लागत नाही.