नदीच्या वतीनं कोण बोलणार?

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. नदीला कुणी त्रास दिला, तर तिनं तक्रार कुठं करायची? हसू नका हं! न्यूझीलंडमधली एक नदी चक्क कोर्टात दाद मागू शकते.

तिचं नाव व्हांगानुई. तोंगारिरो डोंगरावर उगम पावून सुमारे २९० किलोमीटर वाहत ती समुद्राला मिळते. काठचे माओरी लोक तिला आपली पूर्वज मानतात, म्हणजे अगदी खापरपणजीच म्हणा ना! पण इंग्रज आले आणि नदीचे हाल सुरू झाले. आगबोटींना वाट हवी म्हणून माओरींनी वाम मासे धरायला रोवलेले लाकडी बांध उपटले गेले. पात्रातली खडी उपसून नेली. १९०३ मध्ये तर कायदा करून सरकारच नदीच्या तळाचं मालक झालं. पुढं विजेसाठी वरचं पाणी दुसरीकडे वळवलं.

माओरी गप्प बसले नाहीत. १८७० नंतर त्यांनी पार्लमेंटकडे अर्जांवर अर्ज केले, मग कोर्टकचेऱ्या. आजोबांची तक्रार नातवानं पुढं चालवायची, असं चाललं. शेवटी मार्च २०१७ मध्ये कायदा झाला. डोंगरापासून समुद्रापर्यंतची सगळी नदी ही एक जिवंत व्यक्ती, तिला स्वतःचे हक्क! शिवाय झाल्या गोष्टींबद्दल सरकारची माफी त्याच कायद्यात छापलेली आहे. मला तर हे फारच आवडलं. सरकारं अशी माफी कुठं मागतात?

नदी व्यक्ती कशी, म्हणाल. अहो, देवळाची जमीन देवाच्या नावावर असते की नाही? देव काही सही करायला येत नाही, विश्वस्त कारभार बघतात. तसंच तिथं दोन माणसं नेमतात, एक माओरींनी सुचवलेलं, एक सरकारनं. नदीच्या वतीनं त्यांनी बोलायचं. तिची प्रकृती सुधारायला ३ कोटी डॉलरचा निधीही दिला. वळवलेलं पाणी मात्र लगेच परत आलं नाही, कारण आधीचे परवाने कायद्यानं तसेच ठेवले.

त्याच महिन्यात आपल्याकडे उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनांनाही व्यक्ती ठरवलं. पण राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. महापुरात कुणाचं घर वाहून गेलं, तर भरपाई नदीकडे मागायची का? आणि ती भरायची कुणी? प्रश्न काही वेडगळ नव्हता. जुलै २०१७ मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली.

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या नदीसाठी किंवा ओढ्यासाठी अशी दोन माणसं नेमायची झाली, तर कुणाची नावं द्याल? आई-बाबांनाही विचारा. नुसते सरपंच आणि हेडमास्तर नकोत बरं का! रोज धुणं धुणाऱ्या मावशी, गळ टाकून बसणारे काका, पलीकडच्या मळ्यातल्या आजी, सगळे आठवून पाहा. नावं आणि कारणं, पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा.