गावाचे नाव निवडताना



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत अर्ज भरण्याची धांदल सुरू होते. आधी प्रवेश, मग वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुढे कधी पासपोर्ट, कधी हजचा अर्ज. आता हे बहुतेक सगळे मोबाइलवरच होते. कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा अर्ज भरतो आणि अब्बा-अम्मी शेजारी बसून माहिती सांगतात. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक दोन-दोनदा तपासला जातो. गावाच्या रकान्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली नावांची यादी उघडते, त्यातले पहिले नाव दाबले की काम झाले, असे आपल्याला वाटते. या महिन्यात आम्ही याच यादीविषयी लिहीत आहोत. कारण चुकीचे गाव पडले, तर रहिवासाचा दाखला एका गावाचा आणि अर्ज दुसऱ्या गावाचा, अशी गाठ बसते आणि ती सोडवताना मुलांची मुदत निघून जाऊ शकते.

ही यादी कशी येते? मशीनकडे गावांच्या नावांचा मोठा साठा असतो. आपण टाइप केलेली अक्षरे त्या साठ्याशी ताडून जुळणारी नावे ते समोर ठेवते. पण कोणती नावे दाखवायची आणि कोणती गाळायची, हे अर्ज बनवणारा ठरवतो. म्हणजे तिथे एक चाळणी बसवलेली असते.

चाळणी सैल असली की देशभरची नावे येतात. 'कोल' लिहिताच कोल्हापूरबरोबर कोलकाता, कोल्लम, कोलारही हजर. ही नावे वेगळी दिसतात, म्हणून फसगत होत नाही. खरी फसगत एकसारख्या नावांत होते. इस्लामपूर आपल्या सांगली जिल्ह्यात आहे, पश्चिम बंगालमध्ये आहे आणि बिहारमध्येही आहे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. अशा वेळी पिनकोड पाहावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र-गोव्याचा ४, पश्चिम बंगालचा ७, बिहारचा ८. नाव तेच असले तरी पिन वेगळा असतो.

चाळणी फार घट्ट झाली की उलटा त्रास. 'फक्त महाराष्ट्र' असे ठरवून टाकले की निपाणी यादीत येतच नाही. कोल्हापूरहून निपाणी चाळीसएक किलोमीटर. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी निपाणी, चिकोडी, बेळगावात आहेत. तिथली भाची कोल्हापुरात शिकायला येते आणि अर्जात तिला तिचे गावच सापडत नाही. मग कोणीतरी सांगते, "कागल टाक, जवळच आहे की." असे मुळीच करू नये. राज्य बदलले की दाखला, सवलत आणि नियमही बदलतात.

जिल्ह्याच्या आतही घोळ आहेतच. कोल्हापूर शहर ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव करवीर. बारा तालुक्यांच्या यादीत 'कोल्हापूर' शोधणारा थकून जातो. शिरोळ हे तालुक्याचे गाव, पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात आणि शिरोली दुमाला करवीरमध्ये. काही याद्या नावाच्या सुरुवातीचीच अक्षरे जुळवतात. तिथे 'पुलाची शिरोली' असे साठवले असेल तर 'शिरोली' लिहून ते सापडणार नाही. बावडा, बीड, वाळवे, तारळे या गावांच्या नावाआधी 'कसबा' लागतो, तिथेही तसेच. एका शब्दाने सापडले नाही तर दुसऱ्याने शोधावे.

नामांतरांनी यात भर घातली आहे. बेळगावचे २०१४ मध्ये बेळगावी झाले, औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव. सांगलीतल्या इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. नावांविषयी कोणाचे मन काहीही असो, अर्ज कागदाकडे पाहतो. साधा नियम असा ठेवावा: जन्मस्थान विचारले असेल तर जन्मदाखल्यावर किंवा पासपोर्टवर आहे तेच. सध्याचा पत्ता विचारला असेल तर आज चालू असलेले नाव. यादीत जुने नाव दिसत नसेल तर नवे लिहून पाहावे, नवे नसेल तर जुने. दोन कागदांवर दोन नावे असतील, तर अर्ज पाठवण्याआधीच संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे.

आता दोन शब्द अर्ज बनवणाऱ्यांसाठी. आज जमाती, मदरसे, महिला मंडळे, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थाही ऑनलाइन अर्ज ठेवतात. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगचे काम उभे राहिले, ते खेड्यापाड्यांतल्या मुलांना शिकता यावे म्हणून. ज्या खेड्यातल्या मुलासाठी दार उघडायचे, त्याचेच गाव यादीत नसावे, हे बरे नव्हे. म्हणून चाळणी राज्याच्या हद्दीने न लावता कोल्हापूरभोवतीच्या अंतराने लावावी. आसपासची गावे यादीत वर यावीत, पण दूरची गाळली जाऊ नयेत. प्रत्येक नावापुढे तालुका, जिल्हा आणि राज्य दिसावे. शेवटी 'यादीत नाही, स्वतः लिहा' असा रकाना असलाच पाहिजे.

आणखी एक. लग्नाच्या नोंदणीसाठी किंवा मुलींच्या शिबिरासाठी गावाचे नाव पुरेसे असते. यादीत गल्ली, दुकाने, इमारतीही येत असतील तर त्या गाळाव्यात. घराचा नेमका पत्ता ही कुटुंबाची अमानत आहे. गरज नसताना ती गोळा करू नये, आणि आपणही ती कुठल्याही अर्जात सहज भरू नये.

अर्ज भरायला बसताना रेशनकार्ड, दाखला आणि पिनकोड शेजारी ठेवावा. नाव दाबल्यावर तालुका, जिल्हा, राज्य मोठ्याने वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवावे. दादी-नानींना गावांच्या नावातले बारकावे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. 'पाठवा' हे बटण त्यानंतरच दाबावे.