नातवंडांना उन्हाळी शिबिराला पाठवण्यापूर्वी



एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपू लागतात आणि निगडी-प्राधिकरणापासून मोशी-चाकणपर्यंत सोसायट्यांच्या फलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणे, स्केटिंग, कराटे, चित्रकला, एक दिवसाची दुर्गभ्रमंती, असे नाना प्रकार त्यांत असतात. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात शिबिर ही आता केवळ हौस राहिलेली नाही. आई हिंजवडीला कामावर, बाबा चाकणला दुसऱ्या पाळीत आणि शाळेला जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, अशा घरात मुलाने दिवसभर राहायचे कोठे, या प्रश्नाचे ते व्यवहारी उत्तर आहे. पैसे आईवडील भरतात. परंतु सकाळी मुलाला सोडणे, दुपारी आणणे आणि घरी आल्यावर त्याचे बोलणे ऐकणे ही कामे अनेक घरांत आजी-आजोबांकडेच येतात. म्हणून आजचा लेख प्रामुख्याने आपल्यासाठी आहे.

आपल्यापैकी कित्येकांची हयात पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत गेली आहे. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ आपण घेतली, यंत्राला गार्ड नसेल तर काम थांबवले, प्रथमोपचार पेटीत काय असते हे आपल्याला पाठ आहे. हीच नजर शिबिराच्या फाटकापाशी वापरावी, एवढेच माझे सांगणे आहे. शाळेभोवती मान्यता आणि तपासणी यांची जी चौकट असते, ती सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा भाड्याच्या मैदानावर भरणाऱ्या शिबिराभोवती सहसा नसते. तेथे तपासनीस आपणच.

पाणी: सर्वांत आधी विचारायची गोष्ट

एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईहून काही शाळकरी मुले उन्हाळी शिबिरासाठी आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यात, कातरखडक येथे आली होती. त्यांपैकी तीन मुलांचा तेथील जलाशयात बुडून मृत्यू झाला. ते शिबिर निवासी होते, आपली मुले दिवसाच्या शिबिराला जातात, हा फरक खरा. परंतु दिवसाच्या शिबिरातही ‘एक दिवस सहल’ असतेच, आणि ती पवना, इंद्रायणी किंवा एखाद्या धरणाच्या काठी जाते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: या शिबिरात मुले कोठेही पाण्याजवळ जाणार आहेत का? जाणार असतील तर पाण्यात उतरणार आहेत का? नदी आणि धरणाच्या पाण्यात उतरण्यास आपली संमती नाही, हे लेखी कळवावे. तेथील तळ सपाट नसतो, गाळ असतो आणि दोन पावलांवर खोली बदलते.

जलतरण तलाव असेल तर जीवरक्षक कोण, किती आणि मुले पाण्यात असताना तो काठावर उभा असतो की शिकवण्यात गुंतलेला असतो, हे स्वतः एकदा उभे राहून पाहावे. शिकवणारा आणि राखणारा ही दोन माणसे वेगळी हवीत. मूल पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना डोकी मोजली जातात का, हेही पाहावे. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे ओरडत नाही; श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाजच फुटत नाही आणि काही क्षणांत ते शांतपणे खाली जाते. तलावाच्या रसायनांकडेही लक्ष असावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तलावावर तीव्र वास, डोळ्यांची आग किंवा खोकला जाणवला, तर त्या दिवशी मुलाला पाण्यात उतरवू नये.

पाण्यातून काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे लटकवणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने उपाय करू नयेत. त्यांत मोलाचा वेळ जातो आणि पोटातले अन्न फुप्फुसांत शिरू शकते. लगेच तोंडाने श्वास देणे, छाती दाबणे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हा उपचार होय. तो कोणाला येतो, हे आयोजकांना जरूर विचारावे. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरेच कळते.

ऊन: आकड्यावर विसंबू नये

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. म्हणजे पारा चाळिशीला टेकला नाही म्हणून धोका नाही, असे समजता येत नाही. सावली नसणे, तासन्‌तास एकाच जागी असणे आणि हवेतील दमटपणा या तिन्ही गोष्टी पाऱ्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मुलांच्या शरीराची रचनाही लक्षात घ्यावी. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता ती लवकर शोषतात. खेळात रमले की तहान त्यांच्या लक्षातच येत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मार्च-एप्रिल अभ्यासाच्या टेबलाशी घालवलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी तीन तास मैदानावर पळवणे म्हणूनच योग्य नाही. मैदानी खेळ सकाळी दहापर्यंत आटोपतात का, पाणी पिण्यासाठी ठरलेल्या वेळी खेळ थांबवतात का आणि दमलेल्या मुलाला सावलीत बसण्याची मोकळीक आहे की त्याची चेष्टा होते, हे विचारावे.

घरी आल्यावर एक सोपी खूण पाहावी. मुलाची लघवी फिकट असेल तर पाणी पुरेसे झाले. गडद पिवळी असेल किंवा दुपारपर्यंत झालीच नसेल, तर पाणी कमी पडले. लिंबूसरबत, ताक, पन्हे ही आपली पेये उत्तमच. जुलाब-उलट्या होत असतील तर जलसंजीवनी द्यावी. पुडा मिळाला नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि प्रमाण अंदाजाने वाढवू नये.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांत गोळे आणि खूप घाम येत असेल तर मुलाला सावलीत आणून, कपडे सैल करून, घोट घोट पाणी द्यावे. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगभर पाणी ओतून वारा घालत राहावे. मान, काखा आणि जांघांत ओल्या घड्या किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. शरीर थंड करणे हाच उपाय आहे.

मुलाचा आजार लपवू नये

दम्याची, अपस्माराची किंवा मधुमेहाची मुले शिबिराला जाऊ शकतात आणि त्यांनी जरूर जावे. अडचण आजाराची नसते, ती लपवण्याची असते. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ किंवा ‘उद्या मुलीच्या लग्नाला आडवे येईल’ या भीतीने फिटचा त्रास दडवला जातो आणि तीच मुलगी पोहण्याच्या वर्गात बसवली जाते. यासारखा दुसरा धोका नाही. फिट येणाऱ्या मुलाने पाण्यात उतरावे की नाही हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे आणि उतरलेच तर एक जाणती व्यक्ती केवळ त्याच्याजवळ असावी.

एका कागदावर मुलाचे नाव, वजन, आजार, रोजची औषधे, कशाची ॲलर्जी आहे आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक लिहावेत. ज्यांचा फोन कंपनीच्या फाटकावर जमा होतो, त्यांचा क्रमांक पहिला देऊ नये. दम्याचा पंप मुलाच्या पिशवीत हवा, कार्यालयाच्या कपाटात नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाजवळ साखर किंवा ग्लुकोज हवे, आणि घाम, थरथर, चिडचिड दिसताच ते द्यायचे हे शिक्षकांना ठाऊक हवे. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लशीचा डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन झाले आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर आजच पाहावे. गुडघे फुटणे हा सुट्टीचा धर्मच आहे. धनुर्वाताची धास्ती मात्र आधीच मिटवता येते.

पिण्याच्या पाण्याचाही विचार करावा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेले होते. घरचे पाणी आणि घरचा डबा हा सर्वांत निर्धास्त मार्ग. शिबिरात खाऊ देत असतील तर तो ताजा शिजवलेला असावा. बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत.

सहल खेड-मावळच्या रानात जाणार असेल तर पायांत बूट हवेत. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. अवयव न हलवता मुलाला थेट प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या मोठ्या शासकीय रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे पिंपरीच्या संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. दोरीवरून उतरणे, प्रस्तरारोहण, नौकाविहार असे साहसी प्रकार असतील, तर ऑगस्ट २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते विचारावे आणि प्रमाणपत्र पाहावे.

‘मला उद्या जायचे नाही’

आता सर्वांत नाजूक मुद्दा. शिबिरातील प्रशिक्षक, मदतनीस, गाडीचा चालक यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. प्रामाणिक आयोजकाला या प्रश्नाचा राग येत नाही. मुलींच्या गटासोबत महिला प्रशिक्षक आहे का, कपडे बदलण्याची जागा कशी आहे, मुलाला नेण्यासाठी कोण येऊ शकते याची यादी आहे का, हेही पाहावे.

चार दिवस आनंदाने गेलेले मूल पाचव्या दिवशी ‘मला जायचे नाही’ म्हणाले, तर त्याला लगेच आळशी ठरवू नये. पोट दुखते अशी तक्रार रोज शिबिराच्या वेळीच होणे, अंथरूण ओले होणे, झोपेत दचकणे, एका ठरावीक माणसाचे नाव निघताच गप्प होणे, या खुणा आहेत. त्यांचे कारण साधे असू शकते: मोठ्या मुलांची दादागिरी, पाण्याची भीती, पाठीशी नसलेला मित्र. ते गंभीरही असू शकते. उलटतपासणी न घेता, ‘काय झाले ते मला सांगितलेस तरी मी रागावणार नाही’ एवढे म्हणून शांतपणे ऐकावे. अनेकदा मुले आईवडिलांच्या आधी आजीपाशी बोलतात, कारण आजीला घाई नसते. काही अनुचित घडल्याचे कळले, तर घराण्याच्या अब्रूचा विचार मध्ये आणू नये. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा पोलिसांना कळवणे हे कर्तव्यच आहे.

आणि स्वतः आपण

नातवाची बाटली भरून देणारे आजोबा स्वतः मात्र पाण्याविना, दुपारी साडेबाराच्या उन्हात फाटकापाशी उभे असतात. साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी आणि क्षार आणखी कमी होतात आणि उभ्या उभ्या भोवळ येते. अशी गोळी मनाने बंद करू नये. उन्हाळ्यापुरता डोस बदलावा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असलेल्या आजींनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन, नाश्ता न करता, ‘आधी पोरीला सोडून येते’ म्हणून निघू नये. रस्त्यात साखर उतरली, तर तुमच्यासोबत तीही संकटात सापडते. डोक्यावर टोपी किंवा पदर, हातात पाणी, खिशात खडीसाखर आणि स्वतःच्या आजारांची चिठ्ठी असावी. दुपारची ने-आण झेपत नसेल तर तसे मुलाला-सुनेला स्पष्ट सांगावे. शेजारच्या दोन घरांनी मिळून आळीपाळीने मुले आणली, तर कोणालाच भार होत नाही.

शिबिरे वाईट नाहीत. मोबाइलपासून दूर, समवयस्कांत, घामाघूम होऊन घालवलेली सुट्टी मुलाच्या शरीराला आणि मनाला हवीच असते. पैसे भरण्याआधी एक सकाळ काढून शिबिराची जागा स्वतः पाहून यावी. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, जवळचा दवाखाना आणि बाहेर पडण्याची वाट, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. ‘कोणत्याही दुर्घटनेस आयोजक जबाबदार नाहीत’ असे छापलेल्या कागदावर मुलाच्या आईवडिलांनी सही करण्याआधी तो आपण एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मग वर सांगितलेले प्रश्न आयोजकांना एकेक करून विचारावेत.